हाव का न्हाई

पुण्याकडच्या माणसाला हाव म्हणजे लोभ. आमच्या उदगीरला हाव म्हणजे होय. या एका शब्दापायी मी आयुष्यात बऱ्याच वेळा हसं करून घेतलं आहे. लातूरला डी.एड.ला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी वसतिगृहाच्या बाईंनी विचारलं, "घरच्यांची परवानगी आहे ना?" मी म्हटलं, "हाव." बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "कसली हाव?" मागं उभ्या असलेल्या निलंग्या-देवणीच्या पोरी ओढणी तोंडात धरून हसल्या आणि माझे कान तापले. पण त्या बाईंना काय सांगणार? मी त्यांच्यासमोर उभी होते तीच मुळी त्या एका शब्दावर. घरच्यांची परवानगी म्हणजे अप्पांच्या तोंडून निघालेला एक हाव होता, आणि तो निघाला होता पत्त्यांच्या डावात. हे ऐकून कुठल्या वसतिगृहाच्या बाईंनी मला आत घेतलं असतं?

अप्पांचं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, बारदानाचं दुकान होतं. बारदान म्हणजे धान्य भरायची रिकामी पोती. दुकानात मावायची नाहीत तेवढी पोती घरी यायची, आणि फाटकी सगळीच घरी यायची. अव्वा, म्हणजे माझी आई, दुपारभर दाभण आणि सुतळी घेऊन ती शिवत बसायची. दाभण तागातून जाताना खर्र असा एक आवाज होतो. मी त्या आवाजावर झोपले, त्याच आवाजावर पाढे पाठ केले. आमच्या अंथरुणाला, कपड्यांना, कधी कधी भाकरीलासुद्धा तागाचा वास असायचा. शाळेतल्या मैत्रिणी म्हणायच्या, सुमी आली की डोळे मिटून कळतंय. तेव्हा राग यायचा. आता नांदेडच्या बाजारात एखाद्या दुकानापुढं पोत्यांची थप्पी दिसली की मी उगीच जवळून जाते आणि भाव विचारल्यासारखं करून थोडा वेळ थांबते.

मी लातूरला गेले त्याच्या आदल्या वर्षी आमचा जिल्हा बदलला. उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं आणि आम्ही लातूरकर झालो. गावात फटाके वाजले, पेढे वाटले. माझे मल्लूकाका, अप्पांचे धाकटे भाऊ, पेढा तोंडात टाकून म्हणाले, "उदगीर हाय तिथंच हाय, जिल्हेच फिरून राहिले. आधी बिदर, मग उस्मानाबाद, आता लातूर. बसल्या जागी एवढा प्रवास कुणाचा झाला नसंल." आणि मग पाऊस गेला. लोक म्हणायचे, भावाभावांची वाटणी झाली की काहीतरी थोरल्याकडंच राहतं. आपला पाऊस उस्मानाबादेत राहिला. उस्मानाबादेकडची माणसं मोंढ्यात यायची ती म्हणायची, आमचा पाऊस तुमच्या लातूरनं नेला. पाऊस दोघांकडंही नव्हता, पण ढकलाढकलीत थोडा वेळ बरा जायचा.

मोंढ्यात धान्याच्या गाड्या येईनाशा झाल्या. धान्यच नाही तर पोती कोण घेणार? हमालांचा कालवा थांबला, काट्यावरच्या साखळ्यांचा आवाज थांबला, आणि रिकाम्या गोदामांच्या मागं तिर्रट बसायला लागली. तिर्रट म्हणजे तीन पत्त्यांचा जुगार. मल्लूकाका तिथं दिसले, असं कुणीतरी अव्वाच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिनं बाहेरच्या खोलीत एक नवं कोरं पोतं अंथरलं, मधोमध जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ताटली ठेवली, चिंचोक्यांचा डबा ठेवला आणि पत्त्यांचा कॅट ठेवला. तो कॅट तिनं कुठून पैदा केला हे शेवटपर्यंत कळलं नाही.

"भावजी, खेळायचंय ना? हितं खेळा," ती म्हणाली. "पर पैशाला हात लावायचा न्हाई."

आम्ही लिंगायत. अप्पा दारात थबकले. "लिंग बांधलेल्या घरात पत्ते?"

"गोदामामागं बसणारे काय लिंग खुंटीला टांगून बसत्यात?" अव्वानं विचारलं, आणि अप्पा चप्पल काढून आत येऊन बसले.

अशी आमच्या घरात ती दुपार सुरू झाली आणि दुष्काळभर चालली. आम्ही खेळणारे चौघं: अप्पा, अव्वा, मल्लूकाका आणि मी. देवणीहून अक्का आली की पाच. अक्का म्हणजे माझी आत्या, पण सगळं गावच तिला अक्का म्हणायचं, म्हणून मीही म्हणायची. प्रत्येकाला अव्वाच्या मुठीनं एकेक मूठ चिंचोके मिळायचे. अव्वाची मूठ लहान, त्यावरून मल्लूकाकांची रोज कुरकुर. शिवाय त्यांना चिंचोके चुलीत भाजून खायची सवय, त्यामुळं डाव रंगात यायच्या आत त्यांचं अर्धं भांडवल पोटात गेलेलं असायचं. "कुणी जिंकल्यालं खातं, हा हरायच्या आदीच खातो," अक्का म्हणायची.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येकाला तीन पत्ते. सुरुवातीला सगळ्यांनी ताटलीत एक चिंचोका टाकायचा. मग पाळीपाळीनं प्रत्येकानं ठरवायचं, आणखी चिंचोके टाकून डावात राहायचं की पत्ते खाली ठेवून सुटायचं. शेवटी एकटा उरला तर ताटली त्याची, मग त्याचे पत्ते कसे का असेनात, ते कुणी बघायचे नाहीत. दोघं उरले तर पत्ते उघडायचे. बस, एवढंच. सगळ्या जगात हा खेळ असाच खेळतात. आमच्या घरात फक्त एक गोष्ट वेगळी होती. ज्यानं पत्ते वाटले त्यानं प्रत्येकाला त्याच्या पाळीला विचारायचं, "हाव का न्हाई?" आणि खेळणाऱ्यानं एका शब्दात सांगायचं. हा नियम अक्काचा. अप्पा लहान असताना चिंचोका टाकायचे आणि दुसऱ्याचा चेहरा बघून हळूच परत उचलायचे. त्यांची आई लवकर गेली, अक्कानंच त्यांना वाढवलं. तिनं एकदा पाठीत धपाटा घालून सांगितलं, की आजपासून तोंडानं बोलायचं, आणि शब्द ताटलीत पडला की तो उचलायचा न्हाई. तेव्हापासून घरात हाव म्हणून फिरलेला माणूस झाला नाही.

पत्त्यात माणूस उघडा पडतो. मल्लूकाका आंधळं खेळायचे, म्हणजे पत्ते न बघता चिंचोके टाकत राहायचे, आणि बघायची वेळ आली की तोंड आंबट करायचे. अक्का मुठीनं टाकायची. तिच्याकडं काही असो नसो, तिची मूठ ताटलीत पडली की समोरच्याचं अवसान जायचं. अप्पा आधी सगळ्यांकडं बघायचे, मग ताटलीकडं, मग पुन्हा पत्त्यांकडं, आणि तोवर मल्लूकाकांची एक डुलकी व्हायची. आणि अव्वा? अव्वा बहुतेक वेळा न्हाई म्हणायची. पत्ते वर उचलले, पाहिले, खाली ठेवले, न्हाई. पण संध्याकाळी डबा भरताना सगळ्यात जास्त चिंचोके तिच्याच पुढ्यात असायचे.

एकदा माझ्याकडं गुलामाची जोडी आली होती. मी हाव म्हटलं, पुन्हा हाव म्हटलं, आणि अक्का मुठीमागून मूठ टाकत राहिली. मला दिसत होतं की तिच्याकडं जास्त आहे, पण माझे इतके चिंचोके ताटलीत गेले होते की सोडवेना. शेवटी तिनं तीन इस्पिक ओळीनं मांडले आणि माझं दिवाळं निघालं. संध्याकाळी भांडी घासताना अव्वा म्हणाली, "तू ताटलीतल्या चिंचोक्यावर जीव ठिवलीस. ताटलीत पडला तो आपला न्हाई. हातात हाय तेवढाच आपला. तेवढ्याचाच इचार करावं."

"पण पत्ते तर चांगले होते."

"पत्ते काय, सगळ्याकडंच तीन हायेत. पत्ते मागून बघायचे. आदी माणूस बघायचं."

पुढं मी बत्तीस की किती वर्षं मास्तरकी केली, त्यात ही शिकवण मला डी.एड.च्या कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडली. पोराची वही मागून बघायची.

माणूस बघायला लागले तसं मला अप्पांचं गुपित सापडलं. अप्पांच्या गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी होती. हातात भारी पत्ते आले की अप्पांचा चेहरा ढिम्म असायचा, पण उजवा हात आपोआप त्या डबीकडं जायचा आणि दोन बोटं तिच्यावर टेकायची. मनापासून काही हवं असलं की त्यांचा हात तिथं जातो, हे त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं. मी हे शोधलं म्हणून आनंदानं अव्वाला सांगायला गेले, तर ती हसली. "आज कळालं व्हय तुला? मला लगीन झाल्यापासून म्हाईत हाय. त्यांना सांगू नको. नवऱ्याचं एवढं एक तरी आपल्याला ठावं असावं." मी सांगितलं नाही. अप्पांचा हात डबीकडं गेला की मी मुकाट न्हाई म्हणायची, आणि अप्पांना वाटायचं पोरगी भित्री आहे.

आता खरी गोष्ट. त्या हिवाळ्यात मी बारावीला होते, आणि मला लातूरला डी.एड.ला जायचं होतं. नव्या जिल्ह्यात नव्या शाळा निघणार, मास्तरणी लागणार, असं आमच्या वर्गात बाई सांगायच्या. मी ते घरी सांगितलं होतं. अप्पा "बघू" म्हणाले होते. पण तेवढ्यात अक्कानं चाकूरचं एक स्थळ आणलं. कापडाचं दुकान, एकुलता मुलगा, मागणी काही नाही. माणसं वाईट नव्हती, उगीच कशाला खोटं बोलू? पण ते स्थळ म्हणजे उन्हाळ्यात लग्न, आणि लग्न म्हणजे लातूर संपलं. अक्काला अप्पांनी आयुष्यात कधी न्हाई म्हटलं नव्हतं. तिनं स्वतःच्या ताटातली भाकर मोडून त्यांना वाढवलेलं. तिला न्हाई म्हणायला त्यांची जीभच उचलायची नाही. अक्कानं निरोप धाडला, येळवशीला येते, तेव्हा मला उत्तर पाहिजे. त्या निरोपानंतर माझं जेवणात लक्ष लागेना.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळी रानात. तोंडारच्या वाटेला आमचं थोडं रान होतं. एरवी त्या दिवशी ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेलेली असायची आणि तिच्यातून वाट काढत जावं लागायचं. त्या वर्षी ज्वारी गुडघ्याएवढी, पिवळी, आणि तीही कुठं कुठं. दरसाल कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात आणि तिच्यात पाच पांडव म्हणून चुन्यानं रंगवलेले दगड मांडून पूजा करतात. पण कडबा म्हणजे जनावरांच्या तोंडचा घास, त्याची कोप कशी करायची? मग अप्पांनी चार बांबू रोवून त्यावर बारदान टाकलं. आजूबाजूच्या रानातली माणसं बघायला आली, बारदानवाल्याची कोप बारदानाची. पण आत बसलं की ऊन पोत्याच्या विणीतून बारीक बारीक होऊन अंगावर पडायचं, आणि तो आमचा नेहमीचा वास. एवढी चांगली कोप आमची पुन्हा कधी झाली नाही.

आंबिलाची बिंदगी, म्हणजे मातीची घागर, त्या वर्षी लहान होती. ताक कुठून आणायचं? अव्वानं आठ दिवस शेजारपाजारचं वाडगं वाडगं ताक साठवून, ज्वारीचं पीठ कालवून, लसूण-मिरची घालून ते आंबवलं होतं. भज्जी म्हणजे पाला आणि दाणे एकत्र शिजवलेली भाजी; तिला हरभऱ्याचा पाला जेमतेम मिळाला, तुरीचे कोवळे दाणे जेमतेम मिळाले, चुका मात्र टँकरच्या नळाखाली ओघळ जायचा तिथं उगवलेला, तो भरपूर होता. म्हणून भज्जी आंबट झाली होती. बाजरीचे वाफवलेले उंडे, थोडी खीर. मल्लूकाकांनी आंबील रानात शिंपडत दरसालची कानडी आरोळी दिली आणि पलीकडच्या रानातून कुणीतरी तिला ओ दिली. मी मातीच्या वाडग्यानं आंबील प्याले. आता नांदेडला दरसाल करते, ताक चांगलं दाट असतं, सगळे जिन्नस मिळतात. पण तशी आंबट होत नाही.

जेवणं झाली आणि अक्कानं विषय काढला. "शिवू, चाकूरवाल्यांना काय सांगू?"

"बघू की, अक्का," अप्पा म्हणाले.

"बघू बघू करून वरीस चाललं. लातूरला ठिवून हिला काय कलेक्टर करणार हाईस?" नवा जिल्हा झाल्यापासून कलेक्टर हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. "दुष्काळाचं साल हाय. पोरगी उजवून मोकळा हो. आजच सांग मला."

अप्पा मातीतली काडी मोडत बसले. मी खरकटी वाडगी गोळा करत होते, ती करतच राहिले. अव्वानं पदराला हात पुसले, पिशवीतून कॅट काढला, जर्मनची ताटली पांडवांच्या पुढ्यात ठेवली.

"जेवण जड झालंय. एक डाव टाकू," ती म्हणाली.

"पांडवांसमोर पत्ते?" अप्पा म्हणाले.

"त्यांच्याकडनंच तर लोक शिकले," मल्लूकाका म्हणाले.

"शिकून हरले ते," अक्का म्हणाली, पण बसली. पत्ते म्हटले की अक्का नाही म्हणत नसे. पांडवांसमोर बाईमाणसाचा फैसला डावात होतो, ही गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात आली नाही. पुढं सातवीच्या पोरांना महाभारत सांगताना आली आणि मी मध्येच हसले. पोरांना वाटलं बाई येड्या झाल्या.

अव्वानं एकेक मूठ चिंचोके दिले आणि पत्ते वाटले. वाटणारी ती, म्हणून विचारणारीही ती. "भावजी, हाव का न्हाई?" मल्लूकाकांनी पत्ते न बघताच चिंचोका टाकला. "हाव."

"सुमे, हाव का न्हाई?" माझ्याकडं दोन राण्या होत्या, बदामाची आणि इस्पिकची, सोबत एक सत्ती. जोडी राण्यांची म्हणजे खेळण्यासारखे पत्ते. मी म्हटलं, "हाव."

"अक्का, हाव का न्हाई?" अक्कानं मूठ टाकली. "हाव."

मग अप्पांची पाळी. अप्पांनी पत्ते छातीशी धरले होते. अव्वानं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. हातातला कॅट सरळ करत, त्याच आवाजात, त्याच चालीवर ती म्हणाली, "जूनला सुमी लातूरला शिकाय जाती. हाव का न्हाई?"

अप्पांचा उजवा हात डबीकडं गेला. दोन बोटं तिच्यावर टेकली.

"हाव," ते म्हणाले. आणि आपल्या पुढ्यातले सगळे चिंचोके दोन्ही हातांनी ताटलीत लोटले.

चिंचोक्यांचा आवाज बराच वेळ जर्मनमध्ये होत राहिला. पहिल्यांदा मल्लूकाकांच्या ध्यानात आलं. "अण्णा, वैनी काय इचारल्या ते ऐकलाव का?"

"डावाचं इचारली की," अप्पा म्हणाले.

"डावाचं कुठं?" अव्वा म्हणाली. "सुमीचं इचारले. समद्यांनी ऐकलंय."

अक्काची मान वळली. "ही कसली लबाडी गं, पारू?"

"लबाडी काय त्यात, अक्का? वाटणारीनं इचारायचं, खेळणाऱ्यानं सांगायचं. शब्द ताटलीत पडला की उचलायचा न्हाई. नियम तुमचा हाय."

सगळे अप्पांकडं बघायला लागले. अप्पांनी पत्ते पालथे मांडीवर ठेवले आणि ते अक्काकडं वळले. इतक्या मऊ आवाजात ते बोलले की मला त्यांचं लहानपण दिसलं. "अक्का, तूच सांग आता. एका चिंचोक्यासाठी तू मला धपाटा घातलीस. आज फिरलो तर काय घालशील?"

अक्कानं पदर सावरला. बाहेर कुणाचा तरी बैल गळ्यातल्या घुंगरांसकट मान झटकत होता. मला वाटलं, ती आता उठून देवणीची वाट धरते. मी हातातल्या दोन राण्या इतक्या घट्ट धरल्या होत्या की पत्ता वाकला. तो कॅटमधला वाकडा पत्ता पुढं सगळ्यांना ओळखू यायचा.

"पडला तर पडला," अक्का शेवटी म्हणाली. "माझाच नियम, माझ्याच गळ्याशी. चाकूरवाल्यांना सांगते, आमचा भाऊ शब्दात अडकला म्हणून." मग माझ्याकडं बघून, "जा. पर दर येळवशीला घरी यायचं, लातूरकरीण झाली म्हणून टाळायचं न्हाई." आणि मग ती लगेच तिच्या मूळ स्वभावावर आली. "बरं, डाव कुणाचाय? डाव पुरा करा."

डाव खरंच अर्धा राहिला होता. अव्वा नेहमीप्रमाणं न्हाई म्हणाली. मल्लूकाकांनी आता पत्ते बघितले, तोंड आंबट केलं, न्हाई. माझी पाळी आली. एरवी दोन राण्यांवर मी अप्पांना सोडलं नसतं. पण अप्पांनी सगळे चिंचोके टाकले होते आणि त्यांचा हात मी डबीवर पाहिला होता. त्या हातानं मला कधी फसवलं नव्हतं. मी पत्ते खाली ठेवले. न्हाई. अक्कानंही आपले पत्ते चिडून फेकले. एकटे अप्पा उरले, ताटली त्यांची झाली, त्यांचे पत्ते बघायचा कुणाला हक्क उरला नाही. त्यांनी ते पालथेच सरकवून दिले.

पत्ते गोळा करायचं काम माझं. मी अप्पांचे तीन उचलले आणि कॅटमध्ये घालताना ते माझ्याकडून सुलटे झाले. चौकटची दुर्री, किल्वरची पंजी, इस्पिकची नव्वी. ना जोडी, ना रंग, ना ओळ. या पत्त्यांवर मल्लूकाकासुद्धा पाणी प्यायला उठून गेले असते. माझ्या राण्यांनी तो डाव सहज मारला असता.

मी अप्पांकडं बघितलं. ते आंबिलाचं वाडगं तोंडाला लावून बसले होते, डोळे वाडग्यात. त्यांचा हात पत्त्यांसाठी डबीकडं गेला नव्हता. अक्काला ते न्हाई म्हणू शकत नव्हते, म्हणून त्यांनी अव्वाला हाव म्हटलं होतं. आणि सगळे चिंचोके लोटले होते ते एवढ्यासाठी, की ते भारी पत्त्यांच्या नादात बोलून गेले असं अक्काला वाटावं, आणि त्यांचे पत्ते बघायला कुणी उरू नये. मला रडू आलं. ते मी आंबिलातल्या मिरचीवर ढकललं. अव्वानं माझ्या हातातून कॅट काढून घेतला आणि ते तीन पत्ते मधोमध खुपसून पिसायला घेतलं.

दोघांनी आधी ठरवून केलं होतं का, हे मी अव्वाला पुढं कितीतरी वेळा विचारलं. ती म्हणायची, "झाकलेले पत्ते झाकूनच ठिवावं." तेवढं बोलून ती पुन्हा दाभण ओढायला लागायची. ती गेली तेव्हाही सांगून गेली नाही. अक्का मात्र शेवटपर्यंत पाहुण्यारावळ्यांत सांगत राहिली, की शिवूला पत्त्याची धुंदी चढली आणि पोरगी मास्तरीण झाली. कुणी तिचं खोटं पाडलं नाही.

मी लातूरला गेले. माझी पहिली नेमणूक किनवटकडं इस्लापूरला झाली, मग लग्न, मग नांदेड. अव्वा गेल्यावर अप्पा माझ्याकडं राहायला आले. बारदानाचं दुकान केव्हाच मल्लूकाकांच्या मुलाकडं गेलं होतं, आणि आता ताग जाऊन प्लॅस्टिकची पोती आली होती, त्यांना अप्पा पोतं म्हणायला तयार नव्हते. दुपारी जेवण झालं की मी पोतं अंथरायची, खरं, तागाचं, उदगीरहून मागवलेलं. आम्ही दोघंच खेळायचो. अप्पांना पत्ते नीट दिसत नसत, डोळ्यांजवळ नेऊन बघायचे. हात थरथरायचा. चिंचोका ताटलीत पडायच्या ऐवजी कधी पोत्यावर पडायचा, पण हाव म्हटलं असेल तर तो मी उचलून ताटलीतच टाकायची.

एका दुपारी मी पत्ते वाटता वाटता विचारलं. इतकी वर्षं विचारलं नव्हतं, तेव्हा आता तरी का विचारावं हे माझं मलाच कळलं नाही. बहुतेक ते फार थकलेले दिसत होते म्हणून असेल.

"अप्पा, बारदानाच्या कोपीत त्या येळवशीला तुमच्याकडं काय पत्ते होते?"

"कवाची गोष्ट काढून राहिलीस," ते म्हणाले. "मला काय याद हाय? लई भारी आसतील. त्याबिगर तू सोडली असतीस व्हय?"

म्हणजे मी सोडलं होतं, हे त्यांच्या ध्यानात होतं. त्यांचे तीन पत्ते त्यांच्या पुढ्यात टाकले, माझे माझ्या पुढ्यात, आणि नेहमीसारखं विचारलं, "अप्पा, हाव का न्हाई?"

ते माझ्याकडं बघत राहिले. उजवा हात थरथरत वर आला, सदऱ्यावरून चाचपत चाचपत गळ्याशी गेला, आणि त्याची दोन बोटं डबीवर टेकली.

"हाव," अप्पा म्हणाले. त्यांचे पत्ते अजून पोत्यावर पालथेच पडले होते.